दोन सूर्यांच्या बाई

आमच्या चित्रकलेच्या बाई वर्षाचे बाराही महिने राखाडी साडी नेसायच्या. एकच साडी नव्हे, सात-आठ असाव्यात, पण सगळ्या राखेच्या रंगाच्या, काठसुद्धा राखाडी. परळच्या आमच्या मुलींच्या शाळेत बाकीच्या शिक्षिका जांभळ्या, पिवळ्या, डाळिंबी साड्या नेसून यायच्या आणि त्यांच्यात या बाई अजून रंगवायच्या राहिल्यासारख्या दिसायच्या.

आठवीत आमच्या वर्गातल्या सुरेखाने धीर करून त्यांना विचारलं, की बाई, तुम्हाला दुसरा कुठला रंग आवडतच नाही का. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सुरेखाच्या हातातली लाल कव्हरची वही घेतली आणि खिडकीजवळच्या पांढऱ्या भिंतीपाशी जराशी तिरकी धरली. भिंतीवर वहीलगत फिकट गुलाबी छटा उमटली.

"भिंत लाजली बघ," बाई म्हणाल्या. "मी लाल साडी नेसून तुझ्याशेजारी उभी राहिले तर तुझा कागदही असाच लाजेल. मग तू रंग चुकवशील आणि मार्क मी कापीन."

झालं. पुढचा आठवडाभर आम्हाला वेडच लागलं. जी ती मुलगी रंगीत वस्तू घेऊन भिंती लाजवत हिंडत होती. लालबागच्या आमच्या खोलीत मी दुधाच्या कपाजवळ आईचा हिरवा ब्लाऊजपीस धरला आणि दूध हिरवट दिसायला लागलं तेव्हा मी आनंदाने उडीच मारली. आईने ते बघितलं आणि आधी दूध पिऊन टाक म्हणून सांगितलं. पण मला त्या दिवशी काहीतरी सापडलं होतं. जगातली प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूवर आपला थोडा रंग उडवत असते आणि इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं असूनही मी ते पाहिलं नव्हतं.

बाईंना मुलींनी 'दोन सूर्य' असं नाव ठेवलं होतं. कारण असं, की कोणाच्याही चित्रात त्या आधी सावल्या तपासायच्या. झाडाची सावली डावीकडे आणि घराची उजवीकडे पडलेली दिसली की त्या लाल पेन्सिलीने वर कोपऱ्यात दोन गोल काढायच्या आणि वही परत करायच्या. बाकी शेरा नाही. दोन सूर्य मिळाले की समजायचं, चित्र पहिल्यापासून.

हे त्यांचं वेड शाळेपुरतं नव्हतं. रस्त्याने जाताना त्या मध्येच थांबायच्या. कशासाठी, तर उसाच्या रसाच्या गाडीवरच्या ग्लासातून उन्हाचा पट्टा फूटपाथवर कसा सांडलाय ते बघायला. कोणाच्या घरी गेल्या तर पाणी घ्यायच्या आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायच्या. त्यासाठी पर्समध्ये गवंड्याकडे असतो तसा ओळंबा असायचा. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाने एका वर्षी धबधब्याचा देखावा केला. लोक रांगा लावून बघत होते. बाई रांगेतून आत गेल्या, मूर्तीला नमस्कार केला आणि मग कार्यकर्त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की चंद्र तुम्ही मागे टांगलाय आणि पाणी पुढून चमकतंय, हे कसं काय. पोरं चिडली. पण दुसऱ्या दिवशी दिवा मागे गेला होता आणि थर्माकोलचा तो धबधबा खरोखर ओला दिसत होता. पुढच्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष देखाव्याचं कच्चं चित्र घेऊन जुलैतच शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

माझ्या आयुष्याला वळण लागलं ते मात्र शाळेच्या हॉलमधल्या सिनेमामुळे. वर्षातून एकदा पडदा लावून आम्हाला एखादा पौराणिक सिनेमा दाखवायचे. त्या वर्षी देव डोंगराच्या कड्यावर उभे राहिले, मागे ढग, खाली दरी. आम्ही मुली हात जोडून बसलेलो. तेवढ्यात बाई उठल्या आणि त्यांनी मशीनवाल्याला थांबायला सांगितलं. हॉलमध्ये दिवे लागले. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, पहिल्या रांगेतून वळून बघायला लागल्या. बाईंनी आम्हाला विचारलं, की देवांच्या मागचा डोंगर कापडावर रंगवलेला आहे, हे कोणाच्या लक्षात आलं. कोणाच्याच आलं नव्हतं. मी चाचरत म्हटलं, की देवांच्या अंगावर ऊन आहे आणि डोंगरावर नाही.

बाईंचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता मला उचलून घेतात. पण त्या सगळ्यांकडे वळल्या.

"चूक सापडली म्हणून हसू नका," त्या म्हणाल्या. "कुठल्यातरी माणसाने शिडीवर चढून हा डोंगर रंगवला आणि तुम्ही पाऊण तास त्याला हात जोडून बसलात. असा माणूस रोज सकाळी डबा घेऊन कामाला जातो. हे काम असतं, मुलींनो."

मोठ्या बाईंनी सिनेमा पुन्हा चालू करायला लावला. पुढे काय झालं ते मला आठवत नाही. मी त्या डबा घेऊन जाणाऱ्या माणसाचा विचार करत होते. आमच्या चाळीत गिरणी, गोदी, नाहीतर महापालिका, एवढीच कामं ठाऊक होती. डोंगर रंगवायचं काम असू शकतं, हे तेरा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा गिरण्यांचा संप चालू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. माझे बाबा गिरणीत बॉयलरवर होते. आधी ते बोलके होते, संपात हळूहळू गप्प होत गेले. आई मसाल्याच्या डंकावर कामाला जायला लागली होती आणि संध्याकाळी आली की सगळ्या खोलीला मिरचीचा ठसका लागायचा. वार्षिक परीक्षा झाली की मला शाळेतून काढून आजीकडे कणकवलीला पाठवायचं, असं घरात ठरत आलं होतं. चाळीतली चार-पाच बिऱ्हाडं तशी गेलीही होती. मी बाईंना काही सांगितलं नव्हतं. सुरेखाने सांगितलं असावं.

आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता आणि खिडकीतून गिरणीची चिमणी समोर दिसायची. वर्षभर तिच्यातून धूर आला नव्हता. एका सकाळी बाई एक मोठी काच घेऊन आल्या. मोडक्या कपाटाच्या दाराची ती काच त्यांनी दोन स्टुलांमध्ये खिडकीसमोर उभी केली. अलीकडे एक जाड पुठ्ठा उभा केला आणि त्याला नाण्याएवढं भोक पाडलं. एक डोळा मिटायचा, दुसरा भोकाला लावायचा, आणि खिडकीबाहेर जे नाही ते काचेवर रंगवायचं. पोस्टर कलरमध्ये साबण मिसळला की तो काचेवर धरतो, हेही त्यांनी दाखवलं. भोकातून पाहिलं तर रंगवलेली वस्तू बाहेरच असल्यासारखी दिसली पाहिजे.

एकीने पतंग काढला, एकीने विमान. माझी पाळी आली तेव्हा मी काही न ठरवता चिमणीच्या तोंडावर धूर काढला. तो कापसासारखा दिसत होता. बाईंनी नेहमीप्रमाणे सूर्य कुठे आहे ते विचारलं. मी उन्हाची बाजू उजळ केली, दुसरी करडी केली. मग त्यांनी वारा कुठून येतोय ते विचारलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या, त्या दिशेने मी धूर वाकवला, बोटाने कडा पुसून पातळ केल्या. पुन्हा भोकाला डोळा लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. चिमणी चालू होती. मी सोडून सगळ्या मुलींनी दोन-दोनदा रांग लावली. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. मला तर आनंदाने एका जागी उभं राहवेना.

सुरेखा त्या दिवशी उशिरा आली. कोणीतरी तिला काही न सांगता नुसतं, बघ म्हणून भोकापाशी उभं केलं. तिचे वडील त्याच गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर होते. तिने क्षणभर पाहिलं, आणि आम्ही हसायच्या आत ती दप्तर टाकून जिना उतरली होती.

खालून तिचा आवाज ऐकू आला. गिरणी चालू झाली, एवढंच ती ओरडत होती.

आमच्या गल्ल्या अरुंद. चाळींच्या मधून चिमणी दिसत नाही, त्यासाठी गेटपर्यंत जावं लागतं. आम्ही वरून बघत होतो. चाळींमधून माणसं बाहेर पडली. कोणी शर्टाची बटणं लावत होता, कोणाच्या एकाच पायात चप्पल होती. सगळे गेटकडे पळत होते. त्यात मला बाबा दिसले. त्यांना इतक्या जोरात पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. गेटाशी पोचून त्यांनी मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरून चेहरा काही दिसला नाही, पण त्यांचे हात खाली पडलेले दिसले.

बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या तशाच खाली गेल्या. त्या दीड-दोनशे माणसांच्या गर्दीत एकच राखाडी साडी, ती आम्हाला वरून स्पष्ट दिसत होती. त्यांनी तिथे काय सांगितलं ते मला नंतर बाबांकडून कळलं. चूक माझ्या वर्गात झालीय, मुलीची नाही, माझी आहे. मी तुमची माफी मागते. ज्यांना काय झालं ते बघायचंय त्यांनी माझ्याबरोबर वर यावं. काहीजण शिव्या देत परतले, काहीजण खजील होऊन हसले. वर आले ते एकटे बाबा.

माझे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. मी मार खायच्या तयारीत होते. बाईंनी त्यांना पुठ्ठ्याजवळ बसवलं. बाबांनी एक डोळा मिटला आणि दुसरा भोकाला लावून ते बराच वेळ बसून राहिले.

"असो धूर नसता," शेवटी ते म्हणाले.

बाबा परक्या माणसांसमोर मालवणी बोलायचे नाहीत. पण ते भोकापासून डोळा न काढता बोलत होते आणि आपण कुठे आहोत ते बहुतेक विसरले होते. बाईंनी विचारलं, मग कसा असतो.

"बॉयलर पेटवलो का आधी काळो येता. जड असता. वर जाणा नाय, चिमणीच्या तोंडार सांडता. मगे आग धरली का पातळ होता."

बाईंनी ब्रश माझ्या हातात दिला आणि ते सांगतात तसं काढ म्हणाल्या. बाबा सांगत गेले आणि मी काढत गेले. इथे दाट कर. इथे तपकिरी. आता वर जाऊ दे, आता पांढरा. वर्षभरात ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. त्यांचा हात हवेत फावड्यासारखा चालत होता. आम्ही चाळीस मुली श्वास रोखून ऐकत होतो आणि बाई तर एखाद्या विद्यार्थिनीसारख्या वहीत टिपून घेत होत्या. शेवटी बाबांनी असं सांगितलं, की बॉयलर नीट पेटला की धूर जवळजवळ दिसतच नाही, नुसती चिमणीच्या तोंडावरची हवा थरथरते. ती कशी काढायची ते मला येईना. बाईंनी ओल्या बोटाने काचेवर एक रेघ ओढली आणि पलीकडचं आकाश तिथे किंचित हललं.

"हां. आता पेटलो," बाबा म्हणाले.

निघताना बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही सगळ्यांच्या पुढे पळत होतात, कामावर जायला का? बाबांनी नकारार्थी मान हलवली. माझ्याशिवाय तो बॉयलर कोणी पेटवला ते बघायला पळालो, म्हणाले.

अर्थातच तक्रार झाली. मोठ्या बाईंनी काच जप्त करून अडगळीच्या खोलीत टाकली आणि बाईंना लेखी समज दिली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी सगळ्यांसमोर सुरेखाची माफी मागितली. एवढ्या मोठ्या बाईमाणसाला आठवीतल्या मुलीची माफी मागताना आम्ही प्रथमच पाहत होतो. मग त्या आमच्याकडे वळल्या.

"काल तुम्हाला कळलं, आपल्या हातात काय आहे ते. तेव्हा एक लक्षात ठेवा. जो खेळ बघायला आलाय त्यालाच फसवायचं. रस्त्यावरच्या माणसाला नाही."

त्याच आठवड्यात बाई आमच्या खोलीवर आल्या. आधी आमच्या तसबिरी सरळ केल्या. मग आईला म्हणाल्या, की या मुलीला गावी पाठवू नका, हिच्याकडे काम आहे. आईला वाटलं त्या नोकरीबद्दल बोलतायत. बाबांना मात्र बरोबर कळलं. त्यांनी बाईंसमोरच सांगून टाकलं, की पोरगी शाळा सोडणार नाही. पुढे त्यांना शिवडीला एका गोदामावर राखणदाराची नोकरी लागली. गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही.

मला बाईंनी चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं, दहावीनंतर कलाशाळेत फॉर्म भरायला स्वतः आल्या आणि तिथल्या कारकुनाच्या टेबलामागची तसबीर सरळ करून आल्या. पुढे मी दादरला एका स्टुडिओत कार्टूनच्या जाहिरातींसाठी पारदर्शक प्लास्टिकवर रंग भरायचं काम करत होते. एका सेकंदाला चोवीस चित्रं. मान मोडायची, पण मला मजा यायची. मग कॉम्प्युटर आले. आमच्यातल्या निम्म्याजणांना वाटलं, आता आपलं संपलं. मी घाबरतच शिकायला बसले. तिथे शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, की पूर्वी सिनेमात नसलेले राजवाडे आणि डोंगर दाखवायचे तर कॅमेऱ्यासमोर काच उभी करायचे आणि काचेवर रंगवायचे. तेच आता आपण पडद्यावर करणार आहोत. मला हसू फुटलं. त्याने कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, हे मी आठवीत केलंय. त्याला ते खरं वाटलं नाही. त्याने चाचणी म्हणून एक रिकामा समुद्र दिला आणि त्यात जहाज घालायला सांगितलं. बाकीचे जहाज रंगवायला लागले. मी आधी सूर्य शोधला, मग वारा, मग जहाजाचा रंग पाण्यावर किती उडेल ते पाहिलं. त्या चाचणीवर मला नोकरी मिळाली.

गेली कित्येक वर्षं मी हेच करते. लढाया, पूर, जुनी मुंबई, नसलेली गर्दी. आमचा स्टुडिओ लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात आहे. बाबा तिथे कधी आले नाहीत. त्या आवारात पाहुण्याचा पास गळ्यात अडकवून जाणं त्यांना जमलं नसतं आणि मीही आग्रह केला नाही.

बाई मात्र आल्या. निवृत्त होऊन त्या गिरगावात एका खोलीत एकट्या राहत होत्या. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यावर त्यांनी मला फोन करून कळवलं, की पिवळं पडलेलं जग पुन्हा निळं दिसायला लागलंय, तेव्हा तुझं काम दाखव. मी एका शनिवारी दुपारी टॅक्सीने त्यांना घेऊन आले. त्या प्रत्येक टेबलापाशी थांबल्या. आमच्याकडचा सर्वांत तरुण कलाकार, दादरचा एक मुलगा, उड्या मारणाऱ्या नटाच्या पाठीला बांधलेली तार एकेक चित्र घेऊन पुसत होता. फार कंटाळवाणं काम आहे आजी, म्हणाला.

"आजी नाही, बाई म्हण," बाई म्हणाल्या आणि त्याची खुर्ची मागितली.

त्याने त्यांच्या हातात पेन दिलं आणि समजावलं, की पेन टेबलावरच्या पाटीवर चालवायचं, पण बघायचं पडद्याकडे. नव्या मुलांना याचीच सवय व्हायला आठवडा लागतो. बाईंनी विचारलं, हाताकडे बघायचंच नाही का. तो नाही म्हणाला.

"मग यात शिकण्यासारखं काय आहे?" बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं मुलींना मी हेच सांगत आले. कागदाकडे बघू नका, वस्तूकडे बघा."

त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. दुपारभरात त्यांनी अकरा चित्रांतली तार पुसली. चहा आला, तो गार झाला. मुलाने ती अकरा चित्रं ओळीने चालवून दाखवली. अर्ध्या सेकंदापुरता तो नट कशाच्याही आधाराशिवाय हवेत होता. बाईंनी पुन्हा चालवायला लावलं. पुन्हा. मग त्यांनी त्या मुलाला विचारलं, हे मी केलंय ते थिएटरात कोणाला कळेल का. कोणालाच कळणार नाही, असं त्याने जरा वाईट वाटून सांगितलं. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी टाळीच वाजवली.

टॅक्सीत बसताना त्यांनी मला विचारलं, उद्या किती वाजता उघडतं. मी सांगितलं, की उद्या रविवार आहे, बंद असतं. त्या बरं म्हणाल्या. मला वाटलं विषय संपला.

सोमवारी सकाळी साडेनऊला खालच्या वॉचमनचा फोन आला. कोणीतरी म्हाताऱ्या बाई आल्यात, पास नाही, आत सोडा म्हणतायत. मी त्याला विचारलं, कोणाला भेटायचंय म्हणून विचारलंस का.

"विचारलं ना मॅडम," तो म्हणाला. "त्या म्हणतात, भेटायचं कोणालाच नाही, मला उशीर होतोय."